ब्लॅक स्टुडंट युनियन नेमकी कशासाठी? (लेकीच्या एका विषयावरून पडलेला प्रश्न)

रानवारा

नमस्कार मंडळी. लेक या ऑगस्टपासून कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या एका कॅम्पसवर कॉम्प्युटर सायन्सला लागली. परवा जेवताना कळलं की तिला एथ्निक स्टडीजचा, म्हणजे अमेरिकेतल्या वेगवेगळ्या वंशांच्या इतिहास-संस्कृतीचा, एक विषय घ्यावाच लागतो, त्याशिवाय पदवी नाही. तिने कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा घेतलाय. मी आमटी वाढता वाढता म्हटलं, अगं तुला कोडिंग करायचंय, मग हे कशाला? तर म्हणाली, "आई, क्लबवाल्यांच्या दिवशी ब्लॅक स्टुडंट युनियनचं, कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या संघटनेचं, टेबल होतं ना, ते टेबल नसतं तर हा विषयच नसता."

पुढचं तिलाही नीट सांगता येईना, तिचा एकच तास झाला होता. नवऱ्याचं म्हणणं, आपण गट-तट मागे सोडून इथे आलो आणि इथे युनिव्हर्सिटीच रंगावरून संघटना काढू देते. मला त्याचं पटलंही आणि नाहीही. या संघटना कशा सुरू झाल्या, त्यांचा हेतू काय होता, आज त्यांची गरज आहे का? इथे बरीच जाणती माणसं आहेत म्हणून विचारते. मनापासून समजून घ्यायचंय.

पाटीपेन्सिल

छान विषय. रुमाल टाकून ठेवते, सवडीने लिहीन.

सडेतोड

तुमच्या यजमानांशी सहमत. प्रवेश सगळ्यांना खुला, वर्ग एक, लायब्ररी एक. मग रंगावरून वेगळं टेबल कशाला मांडायचं? उद्या गोऱ्यांनी मांडलं तर गहजब होईल. मार्टिन ल्यूथर किंगनी जे एकत्र बसण्यासाठी आयुष्य वेचलं, त्याच्या उलट दिशेने जाणारी ही गोष्ट वाटते. मी विरोधासाठी विरोध करत नाहीये, कुणी नीट समजावलं तर ऐकेन.

धुक्यातलं गाव

रानवारा, तुमच्या लेकीचं वाक्य शब्दशः खरं आहे. मी पंचवीस वर्षं सॅन फ्रान्सिस्कोत राहतो. ज्या कॉलेजात हे सगळं घडलं त्याच्या दारावरून रोज ट्रामने जायचो, म्हणून या विषयाचा नाद लागला.

आजची सॅन फ्रान्सिस्को स्टेट युनिव्हर्सिटी म्हणजे तेव्हाचं सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेज. तिथे निग्रो स्टुडंट्स असोसिएशन होती. १९६६ साली तिची ब्लॅक स्टुडंट युनियन झाली. या नावाची ही देशातली पहिली संघटना. नाव बदललं ते नुसतं पाटी रंगवण्यापुरतं नव्हतं. 'निग्रो' हा दुसऱ्यांनी दिलेला शब्द, 'ब्लॅक' हा आपण निवडलेला.

आणि सुरुवातीची कामं काय होती, तर शिकवण्या! कॉलेजची पोरं फिलमोरसारख्या कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत जाऊन लहान मुलांना वाचायला, गणितं सोडवायला शिकवायची. त्याच कॉलेजात 'एक्स्पेरिमेंटल कॉलेज' नावाचा एक उपक्रम होता, त्यात विद्यार्थ्यांनी स्वतः विषय सुचवायचे आणि वर्ग चालवायचे. कृष्णवर्णीयांचा इतिहास आणि साहित्य यांचे पहिले वर्ग तिथे भरले. म्हणजे मागणी करायच्या आधी पोरांनी तो विषय स्वतः शिकवून दाखवला होता.

सडेतोड, प्रवेश 'सगळ्यांना खुला' होता का, हाच तर मुद्दा आहे. १९६० साली कॅलिफोर्नियाने उच्च शिक्षणाचा मास्टर प्लॅन केला. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात शाळेतल्या वरच्या साडेबारा टक्क्यांनाच प्रवेश, स्टेट कॉलेजांत वरच्या एक तृतीयांशांना, बाकीच्यांनी दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात जावं. कागदावर कुणाच्या रंगाचा उल्लेख नाही. पण ज्या वस्तीतल्या शाळेत धड पुस्तकं नाहीत, तिथलं पोरगं वरच्या तिसऱ्या हिश्श्यात येणार कुठून? साठच्या दशकात या कॉलेजातली कृष्णवर्णीय मुलं वाढायच्या ऐवजी घटत गेली. शहरात त्यांची वस्ती वाढत होती आणि वर्गात ती दिसेनाशी होत होती.

संपाचं रात्री लिहितो, टंकायला वेळ लागतोय.

ताकभात

वाचतोय. धुक्यातलं गाव, हात आखडता घेऊ नका.

दोन_मोदक

आमच्या गावी मराठी मंडळ आहे ते तरी काय वेगळं? गणपतीला उकडीचे की तळणीचे यावर दोन गट पडले होते. शेवटी दोन्ही करायचं ठरलं आणि दर वर्षी हॉल भरायला लागला. त्याला कुणी फुटीरपणा म्हणत नाही. :)

रानवारा

मोदक, हे मी नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, तळणीचेच.

धुक्यातलं गाव

तर संप.

जॉर्ज मरी नावाचा तरुण तिथे इंग्रजी शिकवायचा. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर या जहाल पक्षाचा तो शिक्षणविषयक प्रमुखही होता. त्याच्या भाषणांवरून वरून दबाव आला आणि १ नोव्हेंबर १९६८ ला त्याला निलंबित केलं. ६ नोव्हेंबरला ब्लॅक स्टुडंट युनियनने संप पुकारला. त्यांच्या मागण्या दहा. लॅटिन अमेरिकन, चिनी, फिलिपिनो आणि इतर विद्यार्थ्यांच्या संघटनांनी मिळून थर्ड वर्ल्ड लिबरेशन फ्रंट केला होता, त्यांच्या पाच. अशा पंधरा मागण्या घेऊन सगळे बरोबर उभे राहिले. संप मार्च १९६९ च्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालला, साडेचार महिने. अमेरिकेतला सगळ्यात लांबलेला विद्यार्थी संप म्हणून तो ओळखला जातो.

मागण्या वाचल्या की अंगावर येत नाहीत, उलट किती साध्या आहेत असं वाटतं. कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचे वर्ग या विभागात एक, त्या विभागात एक असे विखुरलेले आहेत, ते एका विभागात आणा. त्या विषयात पदवी द्या. शिकवायला पूर्ण वेळ वीस जागा द्या. ज्या कृष्णवर्णीय मुलांना शिकायचंय त्यांना पुढच्या वर्षी प्रवेश द्या. विभाग उभा करायला नेथन हेअर या समाजशास्त्रज्ञाला आणलंय, त्याला पूर्ण प्राध्यापकाचं पद आणि पगार द्या.

बदल्यात आले पोलीस. प्राचार्य रॉबर्ट स्मिथ नोव्हेंबरअखेर राजीनामा देऊन गेले आणि तिथलेच एक प्राध्यापक, एस. आय. हायाकावा, हंगामी प्राचार्य झाले. २ डिसेंबरची सकाळ. कॅम्पसच्या कडेला, होलोवे अव्हेन्यूच्या कोपऱ्यावर संपकऱ्यांचा ट्रक उभा, टपावर कर्णे. बुटकेसे हायाकावा डोक्यावर गोंड्याची स्कॉटिश टोपी घालून थेट ट्रकवर चढले आणि कर्ण्यांच्या तारा उपटून काढल्या. ती दृश्यं देशभर टीव्हीवर गेली, ते एका रात्रीत प्रसिद्ध झाले आणि पुढे अमेरिकेच्या सिनेटवर निवडून गेले. जानेवारीत शिक्षकांची संघटनाही संपावर उतरली. २३ जानेवारी १९६९ ला एकाच सभेतून चारशेहून जास्त माणसं पकडून नेली.

शेवटी जे मिळालं ते अर्धंच. मरी परत आला नाही. हेअरचा करार पुढे वाढवला नाही. पण १९६९ च्या शरदात स्कूल ऑफ एथ्निक स्टडीज उघडलं. त्यात ब्लॅक स्टडीजबरोबर एशियन अमेरिकन, आताचं लॅटिना-लॅटिनो आणि अमेरिकन इंडियन स्टडीज असे विभाग. आज ते स्वतंत्र महाविद्यालय आहे. हॉलिवूडचे अभिनेते डॅनी ग्लोव्हर तेव्हा तिथे विद्यार्थी होते आणि युनियनमध्ये होते.

सडेतोड

माहितीबद्दल आभार, यातलं बरंच मला ठाऊक नव्हतं. पण एक बाजू राहिली. नोव्हेंबर १९६७ मध्ये युनियनच्या काही जणांनी विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राच्या कचेरीत घुसून संपादकाला मारहाण केली होती. आणि संपाच्या अखेरीस एका विद्यार्थ्याच्या हातातच बॉम्ब फुटला. हेही सांगायला हवं.

धुक्यातलं गाव

सांगायलाच हवं. दोन्ही घडलं आणि दोन्हीचं समर्थन होत नाही. त्या पोराचं वय वाचलं तेव्हा मला रात्रभर झोप नव्हती, माझा मुलगा तेव्हा तेवढाच होता. पण पंधरा मागण्यांच्या मागे हजारो मुलं थंडीत उभी होती, त्यातल्या बहुतेकांच्या हातात फलक होते. वृत्तपत्रांत फोटो मात्र दगडांचे जास्त आले.

जुनीवही

थोडं अवांतर, पण अगदीच अवांतर नाही. अशा संघटना १९६६ च्या आधीही होत्या. कॉर्नेल विद्यापीठात १९०६ साली सात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी अल्फा फाय अल्फा हे बंधुमंडळ काढलं. तिथे ही मुलं बोटावर मोजण्याइतकी, बाकीच्यांच्या मंडळांना ती नकोत. मग राहायला, अभ्यासाला, पडलं-झडलं तर विचारायला एकमेकांशिवाय होतं कोण? त्याच्याही आधी हार्वर्डमध्ये पुढे मोठे कृष्णवर्णीय विचारवंत झालेले डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस शिकत होते. त्यांना तिथल्या गायनवृंदात घेतलं नव्हतं. पुढे त्यांनी लिहून ठेवलं की मी हार्वर्डमध्ये होतो, पण हार्वर्डचा नव्हतो.

याच डू बॉइसना १९४६ साली बाबासाहेबांनी पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचं त्यांच्या वाचनात आलं होतं, त्याच्या प्रती मागवल्या. अस्पृश्यांची स्थिती आणि निग्रोंची स्थिती यांत इतकं साम्य आहे की त्यांचा अभ्यास नैसर्गिकच नव्हे तर गरजेचा आहे, असा त्यात आशय होता. डू बॉइसनी उत्तर पाठवलं. १९१३ ते १६ बाबासाहेब कोलंबियात होते, कृष्णवर्णीयांची वस्ती असलेलं हार्लेम तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. तेव्हा रानवारा, तुमच्या लेकीचा विषय आपल्यापासून वाटतो तितका लांब नाही.

नागसेनवन

बरेच दिवस नुसता वाचक होतो, आज राहवलं नाही.

वय सत्तरीकडे. औरंगाबादला बाबासाहेबांनी १९५० साली काढलेल्या मिलिंद महाविद्यालयात शिकलो, राहायला नागसेनवनातल्या वसतिगृहात. गावच्या शाळेत आम्ही चार पोरं दारापाशी बसायचो. पाण्याच्या रांजणाला हात लावायचा नाही, कुणी तरी वरून ओतायचं, आम्ही ओंजळ धरायची. ओतणारा विसरला की तसंच तहानलेलं घरी जायचं. गावाचं नाव लिहीत नाही.

वसतिगृहात पहिल्या दिवशी मेसमध्ये माठ होता, त्याच्यावर ॲल्युमिनियमचं झाकण, झाकणावर पेला उपडा घातलेला. मी शेजारी उभा राहिलो. मागचा पोरगा म्हणाला, "घे ना लेका, कुणाची वाट बघतोस?" मी हाताने पेला बुडवला. पन्नास वर्षं झाली, त्या पेल्याची कड अजून ओठाला लागते.

सडेतोड साहेब, तुम्ही प्रामाणिकपणे विचारलंत म्हणून लिहितो. आम्ही तिथे एकत्र राहिलो ते कुणाला बाहेर ठेवायला नाही. तिथे आडनाव सांगताना मान खाली जात नव्हती, म्हणून डोकं अभ्यासात लागलं. अभ्यास लागला म्हणून पुढे सगळ्यांच्या बरोबरीने बँकेच्या परीक्षेला बसलो. एकत्र बसायचं तर आधी ताठ बसता यावं लागतं.

दलित पँथर १९७२ ला मुंबईत उभी राहिली, नावच ब्लॅक पँथरवरून घेतलेलं. १९७३ च्या जाहीरनाम्यात अमेरिकेतल्या त्या लढ्याशी आपलं नातं आहे असं स्पष्ट लिहिलं होतं. तो जाहीरनामा पुढे नामदेव ढसाळ आणि राजा ढाले यांच्यातल्या वादाचं कारणही झाला. आमच्या खोलीत त्यावर रात्र रात्र भांडणं. एका पोराने भिंतीवर उडी घेणारा काळा पँथर कोळशाने काढला होता. वॉर्डनने पुसायला लावला, पण चुन्याखालून तो वर्षभर दिसत राहिला. ज्या पक्षावरून आम्ही नाव घेतलं, त्याच पक्षाचा माणूस त्या कॉलेजात शिकवत होता आणि त्याला काढलं म्हणून संप झाला, हे मला आज धुक्यातलं गाव यांच्यामुळे कळलं. फार बरं वाटलं.

पाटीपेन्सिल

काका, दंडवत. यानंतर रुमाल उचलायची हिंमत होत नाही, तरी लिहिते.

मी लातूरकडची. पुण्यात इंजिनीअरिंगला गेले तेव्हा "लई" म्हटलं की वर्गात हशा पिकायचा. एका सरांनीही वर्गात माझी नक्कल केली होती. मग मेसमध्ये आम्ही मराठवाड्याच्या पाच जणी एका टेबलावर बसायला लागलो. आमचं टेबल कुणाच्या विरोधात नव्हतं. दिवसभर जीभ सांभाळून बोलायचो, तिथे अर्धा तास सांभाळावी लागत नव्हती, एवढंच.

पण एक फरक मला पुढे अमेरिकेत आल्यावर कळला. माझी जीभ सहा महिन्यांत पुणेरी झाली आणि कुणाला काही कळेनासं झालं. माझ्या लॅबमधल्या कृष्णवर्णीय मैत्रिणीला ती सोय नव्हती. रात्री लॅबमधून निघताना ती ओळखपत्र गळ्यात बाहेर दिसेल असं अडकवायची. मी विचारलं, आता कशाला, काम तर संपलं. म्हणाली, पार्किंगपर्यंत जायचंय ना. महिन्यातल्या एका गुरुवारी ती त्यांच्या संघटनेच्या बैठकीला जायची आणि परत यायची तेव्हा ताठरलेले खांदे सैल झालेले असायचे. हलकी होऊन यायची.

सडेतोड

नागसेनवन काका, पाटीपेन्सिल, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. माझ्या पहिल्या प्रतिसादातलं 'वर्ग एक, लायब्ररी एक' हे वाक्य मी मागे घेतो. एक शंका तरी उरते. साठ वर्षांपूर्वीचं कारण आजही तसंच आहे का? कायदे बदलले, विभाग उघडले, अध्यक्षही झाला.

ताकभात

याचं मी सांगतो, माझा भाचा यूसीएलएला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या लॉस एंजेलिस कॅम्पसला होता. १९९६ साली कॅलिफोर्नियात प्रस्ताव २०९ मंजूर झाला आणि सरकारी विद्यापीठांना प्रवेशात वंश विचारात घेता येईना. दहा वर्षांनी, २००६ च्या शरदात यूसीएलएच्या पहिल्या वर्षाला साधारण ४८०० मुलं येणार होती, त्यांत कृष्णवर्णीय ९६. लॉस एंजेलिससारख्या शहरात! तिथल्या आफ्रिकन स्टुडंट युनियनच्या मुलांनी माजी विद्यार्थी, चर्च, शहरातले पुढारी सगळे गोळा केले. मग विद्यापीठाने अर्ज तपासायची पद्धत बदलली. अर्जाचे तुकडे वेगवेगळ्या लोकांनी वाचण्याऐवजी एकाच माणसाने पूर्ण अर्ज वाचायचा, म्हणजे मुलगा कुठून आला आणि किती ओझं घेऊन आला ते दिसतं. कालपरवाची गोष्ट.

आणखी एक. फेब्रुवारीत आपल्या मुलांच्या शाळांत ब्लॅक हिस्टरी मंथ असतो ना? कार्टर वुडसननी १९२६ साली सुरू केला तो आठवडा होता. त्याचा महिना करायची कल्पना १९६९ साली केंट स्टेट विद्यापीठातल्या ब्लॅक युनायटेड स्टुडंट्स या संघटनेने आणि शिक्षकांनी मांडली आणि पुढच्याच वर्षी पहिला महिना साजरा केला. माझी मुलगी दर वर्षी तक्ता बनवते, हे मात्र तिच्या शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

दोन_मोदक

मी वर मंडळाची तुलना केली होती, ती तोकडी पडली असं आता वाटतं. आम्ही मंडळ काढलं ते घरची आठवण येते म्हणून. आम्हाला दार कुणी अडवलं नव्हतं. आणि दार उघडं का होतं तेही सांगतो. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा इमिग्रेशनचा कायदा एकाच लाटेतले. दुसऱ्या कायद्याने देशनिहाय जुना कोटा गेला, म्हणून आपले डॉक्टर-इंजिनीअर येऊ शकले. माझे काका १९६९ ला आले. ज्या सालात ते विमानातून उतरले त्याच सालात ही मुलं तुरुंगात होती. गणपतीच्या कार्यक्रमात यंदा मी हे बोलणार आहे, मोदक वाटायच्या आधी.

रानवारा

मंडळी, उशिरा आले, पण सगळं वाचलं. लेकीला आणि नवऱ्याला शेजारी बसवून मोठ्याने वाचून दाखवलं. माठाच्या ठिकाणी माझा आवाज थांबला, पुढचं तिने वाचलं.

तिचं मूळ वाक्य आता पूर्ण झालं. २०२० साली कॅलिफोर्नियात कायदा झाला, स्टेट युनिव्हर्सिटीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एथ्निक स्टडीजचा निदान एक, तीन युनिटांचा विषय घ्यायचा. तो कायदा मांडणाऱ्या शर्ली वेबर आधी कितीतरी वर्षं सॅन डिएगो स्टेटमध्ये हाच विषय शिकवत होत्या. म्हणजे १९६६ चं ते टेबल, मग संप, मग विभाग, मग कायदा आणि मग माझ्या घरी आमटीच्या पातेल्याशी झालेला प्रश्न.

गेल्या शनिवारी आम्ही तिघे मुद्दाम सॅन फ्रान्सिस्कोला गेलो. ट्रामने होलोवेच्या कोपऱ्यावर उतरलो. आता तिथे तशी शांतता असते, पाठीवर दप्तरं, हातात चहा-कॉफी. स्टुडंट सेंटरच्या भिंतीवर माल्कम एक्स या कृष्णवर्णीय नेत्याचं मोठं चित्र आहे, त्याच्याखाली दोन मुली सँडविच खात अभ्यास करत होत्या. नवरा फारसं बोलला नाही. ट्रक कुठे उभा असेल हे मात्र त्याने दोन-तीनदा रस्ता ओलांडून बघितलं. परत येताना म्हणाला, तुझ्या त्या सडेतोडना सांग, मीही वाक्य मागे घेतो.

आणि एक विनंती. तिला वर्गासाठी एका ज्येष्ठ माणसाची मुलाखत घ्यायची आहे, शिक्षणाचं दार त्याच्यासाठी कसं उघडलं यावर. माणूस कुठल्याही देशाचा चालेल असं बाईंनी सांगितलंय. नागसेनवन काका, तुम्ही बोलाल का तिच्याशी? व्यक्तिगत निरोप पाठवलाय.

नागसेनवन

निरोप मिळाला. जरूर बोलेन. आमची सकाळ सात ते नऊ, तुमची संध्याकाळ असेल. मुलीला मराठी येतं ना? नसेल तरी नातू आहे मदतीला. खोलीतल्या सात जणांचा एक फोटो सापडलाय, मागे भिंत आहे. नीट पाहिलं तर चुन्याखाली पँथरचं शेपूट दिसतं. तो आधी पाठवतो, म्हणजे तिला प्रश्न काढायला सोपं जाईल.

रानवारा

येतं काका. 'ळ' अजून नीट म्हणता येत नाही, पण सगळं कळतं. शुक्रवारी करते फोन.